आवाज थंड गाडीचा की गरम गाडीचा?

"सायलेन्सर बदललाय, आणि आता आवाज येतोय." गॅरेजमध्ये गाडी घेऊन येणारा बहुतेक वेळा एवढंच सांगतो. एवढ्यावर पाना हातात घेणारा मिस्त्री हमखास फसतो, कारण आवाज तर येणारच. तो यावा म्हणूनच पैसे मोजलेले असतात. नको असलेला आवाज कोणता, ते ठरवायला तीन प्रश्न विचारावे लागतात. गाडी थंड असताना येतो की गरम झाल्यावर? किती आरपीएमला येतो? आणि गाडी उभी असताना येतो, की चढावर जोर लावताना? तिन्हींची नीट उत्तरं मिळाली तर बरंचसं निदान गाडीखाली न शिरताच होतं.

चौथा प्रश्न मालकाला आवडत नाही, पण विचारावाच लागतो: नेमकं काय बदललं? आपल्याकडे ज्याला सरसकट 'फ्री फ्लो' म्हणतात त्यात फार वेगवेगळी कामं येतात. कोणी फक्त मागचा डबा बदलतं. कोणी कॅटकॉनच्या, म्हणजे धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, मागची सगळी नळी नवी घेतं. कोणी थेट इंजिनाच्या मॅनिफोल्डपासून बदल करतं आणि कॅटकॉनच काढून टाकतं. पहिल्या दोन कामांतले बिघाड यांत्रिक असतात. नळी घासते, गळते किंवा घुमते. तिसऱ्यात इंजिनाचा संगणक मध्ये येतो आणि दुखणं भलतीकडेच दिसायला लागतं. अ‍ॅव्हरेज पडतं, चेक लाइट लागतो, आणि मालक पेट्रोल पंपाला दोष देत बसतो. बिल असेल तर बिल वाचावं; नसेल तर गाडी रॅम्पवर चढवून नवे वेल्डिंग कुठे कुठे आहेत ते बघावं.

नळीत काय चाललेलं असतं ते आधी बघू. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत चार स्फोट होतात. म्हणजे ३,००० आरपीएमला सेकंदाला १०० वेळा तापलेल्या वायूचा एकेक लोंढा नळीत सुटतो. लोंढा पुढे सरकला की त्याच्यामागे दाब कमी होतो, कधी कधी बाहेरच्या हवेपेक्षाही कमी. कारखान्यातून आलेला डबा या धक्क्यांना आतल्या कप्प्यांतून आणि भोकं पाडलेल्या नळ्यांतून फिरवून थकवतो. स्पोर्ट्स डब्यात बहुधा एकच भोकाभोकाची सरळ नळी असते आणि तिच्याभोवती ग्लासवूल ठासलेलं असतं. वायूला वाट मोकळी मिळते, पण धक्के शमवण्याचं काम आता त्या लोकरीवर आणि नळीच्या लांबीवर पडतं. बाजारातला डबा कितीही चांगला असला तरी तो तुमच्या गाडीच्या तळाशी कसा टांगला आहे, यावरच पुढचं सुखदुःख ठरतं. माझ्या मते बदललेल्या एक्झॉस्टच्या बहुतेक तक्रारी डब्याच्या नसतातच. त्या बसवण्याच्या असतात.

सर्वांत जास्त तक्रार खडखडीची, आणि तिचं मूळ बहुतेकदा उष्णतेत असतं. ३०४ प्रतीचं स्टेनलेस स्टील एक अंश तापलं की दर मीटरला सुमारे १७ मायक्रोमीटर वाढतं. आकडा क्षुल्लक वाटतो. पण पुढच्या लवचीक (फ्लेक्स) पाइपपासून मागच्या डब्यापर्यंतची नळी दोन मीटर धरली आणि ती सरासरी ३०० अंशांनी तापली, तर तिची लांबी १० मिलिमीटरने वाढते. साधं पोलाद असेल तर वाढ सात मिलिमीटरच्या आसपास राहते. मूळ नळी साध्या किंवा कमी प्रसरण पावणाऱ्या पोलादाची असेल आणि तिच्याजागी ३०४ ची आली, तर जुन्या मापाने सोडलेली फट पुरत नाही. गाडी थंड असताना डबा आणि बंपर यांत बोटभर जागा दिसते. अर्धा तास चालवून घाटात जोर लावला की तोच डबा मागे सरकून टेकतो. मालक सांगतो, "घाटातच वाजतं," मिस्त्री सपाट रस्त्यावर एक चक्कर मारून "काही नाही" म्हणतो, आणि दोघेही खरंच बोलत असतात.

यात भर पडते इंजिनाच्या डोलण्याची. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत इंजिन बहुतेकदा आडवं बसवलेलं असतं. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ते आपल्या माउंटिंगवर मागेपुढे कलतं आणि सगळी नळी खेचतं किंवा ढकलतं. हे कलणं पचवण्यासाठी पुढच्या भागात जाळीचा लवचीक पाइप दिलेला असतो. नवी नळी बसवताना तो कापून सरळ पाइप टाकला, किंवा तो आधीच ताणलेल्या अवस्थेत वेल्ड केला, तर धक्का थेट हँगरच्या रबरांवर आणि मॅनिफोल्डच्या स्टडवर जातो. पहिल्या गिअरमध्ये क्लच सोडताना 'टक्' असा एकच ठोका येत असेल, तर आधी इथे बघावं.

घासण्याची जागा शोधायला फारसं काही लागत नाही. गाडी पूर्ण थंड करायची, रॅम्पवर घ्यायची आणि नळी हाताने चारही बाजूंना हलवायची. ती रबरांवर झुलली पाहिजे आणि कुठेही धातूला धातू लागता कामा नये. मग चांगला उजेड घेऊन नळीच्या वरच्या बाजूने बघत जायचं. धूळमाखल्या पत्र्यावर जिथे नखाएवढा चकचकीत ठिपका दिसेल तिथे घर्षण आहे. ठिपक्याचा आकारसुद्धा बोलतो. तो लांबट, गाडीच्या लांबीच्या दिशेने असेल तर नळी प्रसरणाने सरकते आहे. गोल आणि खोल असेल तर ती वरखाली आपटते आहे, म्हणजे रबर सैल पडलंय किंवा हँगर चुकीच्या उंचीवर आहे. उष्णतारोधक पत्रा, म्हणजे हीट शील्ड, हे दुसरं ठिकाण. त्याच्या बोल्टभोवतीचा पत्रा गंजून भोक मोठं झालं की तो ठरावीक आरपीएमलाच थरथरतो आणि आवाज थेट नळीतून येतोय असं वाटतं. बोल्टखाली रुंद वॉशर टाकला की काम होतं. नवा डबा उघडायची गरज नसते.

बसवताना सगळे जोड आधी सैलच ठेवायचे असतात. नळी रबरांवर टांगायची, फटी बघायच्या, आणि मग इंजिनाच्या बाजूने मागे येत एकेक फ्लँज आवळायचा. हँगरची रबरं थंडपणी किंचित पुढे झुकलेली असावीत, म्हणजे नळी तापून मागे सरकल्यावर ती सरळ उभी राहतात. पहिल्या काही तापण्या-निवण्यानंतर पॅकिंग दबतं आणि नट सैल होतात, तेव्हा ते पुन्हा आवळावेच लागतात. हे पुन्हा आवळणं जे गॅरेज फुकट करून देतं, त्याच्याकडेच काम टाकावं असं मी सगळ्यांना सांगतो.

गळतीची गोष्ट वेगळी आहे. खडखड गरम गाडीत वाढते. गळतीचा आवाज पुष्कळदा थंड गाडीतच असतो. सकाळी गाडी सुरू केली की पुढून 'टिक्-टिक्-टिक्' असा आवाज येतो, रेस केली की तो इंजिनाबरोबर भराभर होतो, आणि पाच-दहा मिनिटांत विरतो. धातू फुगला की फट मिटते आणि आवाज बंद होतो. अशी गाडी दुपारी चालवत गॅरेजमध्ये नेली तर कोणालाच काही ऐकू येत नाही. जाणता मिस्त्री अशा वेळी काय करतो ते बघण्यासारखं आहे.

"काका, पॅकिंग नवं टाकून घेतलं, तरी सकाळी आवाज आहेच."

"आत्ता आहे का?"

"आत्ता नाही."

"मग गाडी आज इथंच ठेव. सकाळी मी यायच्या आधी सुरू करू नकोस."

सकाळी मिस्त्री आधी गाडीखाली जातो आणि मगच मालकाला किल्ली फिरवायला सांगतो. हातात साबणाच्या पाण्याची फवारणीची बाटली असते. नळी अजून हात लावण्याइतकी गार आहे, एवढ्या दोन-तीन मिनिटांतच सगळं उरकायचं असतं. जाड हातमोजा घातलेला माणूस मागे चिंधीने टोकाचं तोंड क्षणभर अर्धवट दाबतो, त्याने आत दाब वाढतो, आणि फ्लँजच्या वरच्या कडेला बारीक बुडबुड्यांची माळ फुटायला लागते. खालून बघणाऱ्याला ती कड दिसतच नाही, म्हणून आरसा धरावा लागतो. पुसून बघितलं तर तिथेच काजळीचा काळा पंखा उमटलेला असतो, टोक फटीकडे आणि पसारा बाहेर. पॅकिंग नवंच होतं, पण वेल्डिंगच्या उष्णतेने फ्लँजचं तोंड वाकलं होतं. वाकलेल्या तोंडावर कितीही पॅकिंग बदला, गळती तशीच राहते; फ्लँज काढून सपाट घासून घ्यावा लागतो. आणखी एक नेहमीची जागा म्हणजे ऑक्सिजन सेन्सर बसवायला नळीवर वेल्ड केलेला नट. त्याच्या बुडाशी टाक्यात सुईएवढं भोक राहिलेलं असतं आणि कोणी तिथे बघत नाही.

आवाजाचा त्रास नाही म्हणून गळती तशीच चालवणारे पुष्कळ आहेत. त्यांनी दोन गोष्टी ऐकाव्यात. पहिली जिवाची. एक्झॉस्टमधल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही. गळती गाडीच्या पोटाखाली असेल आणि डिकीच्या दाराचं रबर किंवा तळाचं बूच निसटलेलं असेल, तर वाहतुकीत अडकलेल्या गाडीत हा वायू आत साचू शकतो. प्रवासात डोकं दुखतं, मळमळतं आणि गाडीतून उतरल्यावर बरं वाटतं, अशी तक्रार असेल तर ती गाडी दुरुस्त होईपर्यंत चालवूच नये.

दुसरी गोष्ट इंजिनाची. लोंढ्यामागे दाब कमी होतो असं वर म्हटलं. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी फट असेल, तर त्या क्षणी बाहेरची हवा आत ओढली जाते. सेन्सरला जास्तीचा ऑक्सिजन दिसतो आणि इंजिनात पेट्रोल कमी पडतंय असं संगणक समजतो. खरं तर मिश्रण व्यवस्थित असतं, पण तो पेट्रोल वाढवत राहतो. अ‍ॅव्हरेज पडतं, टोक काळं होतं, आणि संगणक आपल्या मर्यादेला पोचला की पी०१७१ हा कोड येतो, म्हणजे 'मिश्रण फार पातळ'. गॅरेजमध्ये कोड वाचून सेन्सर बदलला जातो, हजारो रुपये जातात, आणि पुन्हा तोच कोड येतो. स्कॅनर लावलाच आहे तर फ्युएल ट्रिमचे, म्हणजे संगणक पेट्रोल किती वाढवतो-घटवतो त्याचे, आकडे चालत्या इंजिनावर बघावेत. आयडलला ट्रिम खूप वर आणि २,५०० आरपीएमला जवळजवळ ठीक असेल, तर कुठून तरी हवा शिरते आहे. ती इनटेकच्या बाजूने शिरते की एक्झॉस्टच्या, हे धूर सोडणाऱ्या यंत्राने लगेच कळतं. उलट आरपीएम वाढवल्यावरही ट्रिम वरच राहिला, तर एक्झॉस्टवरचा संशय सोडून पेट्रोलचा पंप आणि फिल्टर बघावा.

पी०४२० हा कोड मात्र बदललेल्या एक्झॉस्टचा अगदी ओळखीचा. कॅटकॉनच्या आधी एक आणि नंतर एक असे दोन सेन्सर असतात. चांगला कॅटकॉन ऑक्सिजन साठवतो आणि सोडतो, म्हणून मागच्या सेन्सरचा आकडा शांत असतो. तोही पुढच्यासारखाच नाचू लागला की संगणक कॅटकॉन निकामी झाल्याचं नोंदवतो. कॅटकॉन काढला असेल, किंवा त्याच्या जागी अपुऱ्या क्षमतेचा स्वस्त डबा बसवला असेल, तर हे होणारच. यावर बाजारात एक तोडगा मिळतो: मागचा सेन्सर छोट्या नळकांड्यावर बसवून वायूच्या प्रवाहापासून दूर उचलायचा. दिवा विझतो. धूर तसाच राहतो. मला हा तोडगा मान्य नाही. कॅटकॉन कार्बन मोनॉक्साइड, न जळलेलं पेट्रोल आणि नायट्रोजनची ऑक्साइडं या तिघांना आवर घालतो. भारतात १ एप्रिल २०२० पासून सगळीकडे बीएस-६ लागू झालं ते याच वायूंसाठी. कॅटकॉन ठेवून त्याच्यामागे हवं ते करता येतं, आणि आवाजाची हौस तेवढ्यात पुरेपूर भागते.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडी मूळ मान्यतेपेक्षा वेगळी करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. नव्या प्रवासी कारला आवाजाची मर्यादा ७४ डेसिबल आहे. गाडी जोरात वेग घेत जात असताना आवाज साडेसात मीटरवरून मोजतात, आणि १९६६ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्था अशा चाचण्या करतात. पोलिसांनी जप्त केलेले सायलेन्सर रोडरोलरखाली चिरडल्याची छायाचित्रं पुणे-मुंबईच्या वाचकांनी पाहिलीच आहेत. ते बहुतांश मोटारसायकलींचे असतात, पण कलम कारलाही तेच लागतं.

आता घुमण्याकडे येतो, कारण याच तक्रारीला लोक सर्वांत जास्त कंटाळतात आणि यातच सर्वांत जास्त पैसे वाया जातात. शहरात गाडी छान वाटते. महामार्गावर एका वेगाला आल्यावर मात्र कानात 'भूंऽऽ' असा दाब बसतो, तासाभरात डोकं भणभणतं. वेग थोडा कमी किंवा जास्त केला की तो जातो. याचं कारण केबिनच्या लांबीत आहे. छोट्या हॅचबॅकचं केबिन सुमारे २.२ मीटर लांब धरलं, तर त्यात ७७ हर्ट्‌झच्या आसपासचा ध्वनी पुढच्या काचेपासून मागच्या काचेपर्यंत नेमका अर्धी लहर भरून बसतो आणि घुमतो. चार सिलिंडरचं इंजिन २,३०० आरपीएमला याच वारंवारतेने धक्के देतं. तीन सिलिंडरचं ३,००० च्या थोडं वर. २०२४ मध्ये स्विफ्टचं इंजिन चारऐवजी तीन सिलिंडरचं झालं. जुन्या स्विफ्टवर गोड वाजणारा डबा नव्या स्विफ्टवर वेगळ्याच वेगाला घुमू शकतो, तो यामुळे. मित्राच्या गाडीत ऐकून डबा घेण्यात हा धोका असतो.

असं घुमणं सर्वांत जोरात ऐकू येतं ते मागच्या सीटवर, कारण लहरीचा दाब केबिनच्या टोकांशी जास्त आणि मधोमध कमी असतो. चालवणारा बऱ्यापैकी मध्यावर बसलेला असतो, म्हणून "एवढं काही नाही" असं त्याला मनापासून वाटतं, आणि मागे बसलेली आई हैराण होते. तपासणी करताना दुसऱ्याला चालवायला द्यावं आणि स्वतः मागे बसावं. त्रास होतो त्या वेगाला एक गिअर खाली टाकून वेग तोच ठेवावा. आवाज गेला तर तो आरपीएमशी बांधलेला आहे, म्हणजे एक्झॉस्टचा किंवा इंजिन माउंटिंगचा. तसाच राहिला तर टायर किंवा चाकाचं बेअरिंग. एक्झॉस्टला हात लावू नये.

एक्झॉस्टचाच निघाला तर ग्लासवूल बदलणं किंवा डिकीत जाड चटई घालणं याने फारसा फरक पडत नाही. इतक्या खालच्या सुराला लोकर फार अडवत नाही. उपाय आहे तो मुख्य नळीला जोडलेल्या बंद टोकाच्या फाट्याचा. पेनच्या टोपणात फुंकर मारली की ते आपल्या लांबीप्रमाणे एकाच सुरात वाजतं. हा फाटा त्याच तत्त्वावर, पण उलट काम करतो. नको असलेल्या लहरीची लांबी काढायची आणि तिच्या पाव लांबीचा फाटा ठेवायचा. त्यात शिरलेली लहर टोकावर आपटून परतते ती मुख्य लहरीच्या नेमकी उलट येऊन तिला मारते. फाट्यातला वायू १२५ अंशांच्या आसपास असेल तर ध्वनीचा वेग सेकंदाला ४०० मीटर होतो. म्हणजे १०० हर्ट्‌झसाठी एक मीटर आणि ७५ हर्ट्‌झसाठी १.३३ मीटर लांबीचा फाटा लागतो. गार हवेच्या वेगाने हिशेब केला तर एक मीटरचा फाटा सुमारे १४ सेंटिमीटर आखूड निघतो आणि भलताच सूर मारतो. म्हणून चांगला कारागीर टोकाचं झाकण आधी सरकतं ठेवतो, रस्त्यावर चालवून बघतो आणि मगच वेल्ड करतो.

महिन्यागणिक आवाज वाढत चालला असेल तर मात्र लोकरच तपासावी. ती जळते, भोकांतून उडून जाते, आणि भिजतेही. एक लिटर पेट्रोल जळताना जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. रोजचा प्रवास घरापासून बाजारापर्यंतचाच असेल तर डबा पुरता तापत नाही आणि पाणी आतच राहतं. मूळ डब्याला तळाशी निथळायला बारीक भोक असतं. बाजारातल्या कित्येक डब्यांना ते नसतं. कोकणातल्या खाऱ्या दमट हवेत, बाहेरून कोरा दिसणारा साध्या पोलादाचा डबा आतून सडू शकतो. तो लाकडी मुठीने ठोकून बघावा. खणखणीत आवाजाऐवजी बद्द वाजला किंवा आत पापुद्रे खुळखुळले, तर त्यावर पैसे घालू नयेत.

'पिकअप गेला' ही शेवटची तक्रार, आणि ती पुष्कळदा खरी असते. बाराशे सीसीच्या टर्बो नसलेल्या इंजिनाला मोठ्या गाडीच्या व्यासाची नळी लावली की वायूचा वेग मंदावतो. लोंढ्यामागच्या कमी दाबाने पुढचा वायू ओढून घेण्याची क्रिया खालच्या आरपीएमला क्षीण होते, आणि सिग्नलवरून निघताना गाडी जड वाटते. टर्बो असलेल्या गाडीत टर्बाइनच्या मागे जेवढी मोकळीक तेवढं बहुतेकदा चांगलंच, म्हणून एकाचा अनुभव दुसऱ्याला लागू होत नाही. पण सगळ्याच आरपीएमला ताकद गेली असेल तर व्यासाला दोष न देता कॅटकॉन तुंबलाय का ते बघावं. पुढचा ऑक्सिजन सेन्सर काढून त्या जागी दाबमापक लावतात. आयडलला दीड पीएसआयपेक्षा आणि २,५०० आरपीएमला तीन पीएसआयपेक्षा जास्त दाब दाखवला, तर मागे अडथळा आहे. सुटलेल्या अ‍ॅक्सिलरेटरवर फटाके फुटावेत म्हणून ट्यूनिंग करून घेतलेल्या गाड्यांत हे दुखणं लवकर येतं, कारण न जळलेलं पेट्रोल कॅटकॉनमध्ये जळून त्याची चिनी मातीची जाळी वितळवतं.

इतकं करूनही उलगडा होत नसेल तर कारखान्याचा मूळ डबा कामाला येतो. तो भंगारात देऊ नये; निथळवून, फ्लँजला ग्रीस लावून, रबरांसकट बांधून ठेवावा. डबा फ्लँजने जोडलेला असेल तर तो परत चढवायला अर्धा तास पुरतो, आणि बीएस-६ गाडीच्या पीयूसीलाही पुढे त्याचीच आठवण होते. तो लावल्यावर घुमणं किंवा ठोका गेला तर बिघाड नव्या नळीतच आहे, मग वर सांगितलेल्या क्रमाने शोधावा. तो लावूनही आवाज तसाच राहिला, तर एक्झॉस्ट सोडून बॉनेट उघडावं, हँडब्रेक ओढून आणि ब्रेक घट्ट दाबून कोणाला तरी क्लच किंचित सोडायला सांगावं, आणि इंजिन आपल्या माउंटिंगवर किती उसळतंय ते बाजूला उभं राहून बघावं.